लाखनीच्या पुलाखालचं बंद खिडक्यांचं घर

लाखनीला जायचं दिवाळीनंतर लगेच ठरलं होतं, आणि ठरवलं होतं वनमालाताईंनी. मी या ब्लॉगवर जुन्या रस्त्यांबद्दल लिहिते. दोन वर्षांपूर्वी नागपूर-भंडारा रस्त्यावरच्या एका पोस्टखाली गप्पा रंगल्या आणि त्यातून आमचा फोनवरचा ग्रुप निघाला. नाव 'कटकट कट्टा'. चौदा माणसं, कोणी कोणाला कधी भेटलेलं नाही. कोणाच्या गल्लीतला विजेचा डीपी उडालेला, कोणाचा प्रिंटर सगळं गुलाबीच छापतो, कोणाच्या दारासमोर रस्ता खोदून ठेकेदार गायब. रोजच्या रोज रडगाणं, आणि वर एकमेकांची टिंगल.

वनमालाताई या कट्ट्याच्या डॉक्टर. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं कारकून होत्या, निवृत्त झाल्यावर लाखनीला घर बांधून राहिल्या. मिस्टर गेले, मुलगा बंगलोरला. कोणाचाही कॉम्प्युटर अडला की त्या कुठलं बटण दाबायचं ते खास भंडाऱ्याच्या बोलीत सांगायच्या. त्यांच्या घरासमोरून पूर्वी हायवे जायचा. उड्डाणपूल झाला आणि हायवे डोक्यावरून गेला, खाली उरला जुना रस्ता. तो मला दाखवायचा, जेवू घालायचं, मुक्काम करवायचा असा त्यांचा बेत होता. शनिवार ठरला.

गुरुवारी त्यांचा कट्ट्यावर मेसेज आला, 'कृपया येऊ नये. मी कार्यात व्यस्त आहे.'

ग्रुपवर सगळे हसले. ताई साहेब झाल्या, कोणीतरी लिहिलं. मला हसू येईना. ज्या बाईने दोन वर्षांत एकदाही 'कृपया' लिहिलं नाही, तिने हे लिहिलं होतं. मी फोन लावला. एरवी त्या फोन उचलताच 'जय भीम, बोल पोरी' म्हणतात. या वेळी पहिल्या रिंगलाच उचलला गेला आणि कोरड्या आवाजात हिंदी आली, "जी, अभी बात नहीं कर सकती." फोन बंद. शुक्रवारी दोनदा लावला, दोन्ही वेळा तेच, तसंच.

त्यांच्या मुलाचा नंबर माझ्याकडे नव्हता. गावात माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. पोलिसांना काय सांगणार? की एका बाईने मला हिंदीत उत्तर दिलं म्हणून? शुक्रवारी संध्याकाळी मी पिशवी भरली. आपण कोण लागतो, नको म्हटलं असताना का जायचं, हा प्रश्न होताच. पण न जाता घरी बसण्याची भीती त्याहून मोठी निघाली.

शनिवारी सकाळी साडेसहाला स्कूटर काढली. नागपूर ते लाखनी पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास, रस्ता चौपदरी, दुचाकीला टोल नाही. जाऊन-येऊन साडेचार लिटरच्या आत पेट्रोल लागतं. स्कूटर नको असेल तर साकोलीकडे जाणारी कुठलीही एसटी लाखनीला थांबते. एक मात्र करा, थंडीत आठच्या आधी निघू नका. पारडी सोडली आणि मौद्यापर्यंत धुक्याने समोरचं काही दिसू दिलं नाही. ट्रकचे मागचे लाल दिवे अचानक दहा हातांवर उगवायचे. एक ट्रेलर भोंगा न वाजवता इतक्या जवळून गेला की स्कूटर थरथरली. मी कडेला उभी राहून जरा वेळ नुसता श्वास घेतला. परत फिरायचं मनात आलं, खोटं कशाला सांगू. धुकं हे कारण कोणालाही पटलं असतं.

ठाणा पेट्रोलपंप हे गावाचं नाव आहे, नवख्यांनी गोंधळू नये. जवाहरनगरची वसाहत इथून आत लागते. तिथल्या टपरीवर आलूबोंडा आणि तर्री, वर कट चहा. चाळीस रुपयांत सकाळ भागते. हे ठिकाणही ताईंनीच सांगून ठेवलं होतं. शेजारच्या बाकावर दोन माणसं हजेरीच्या मशीनवर वैतागली होती. धान कापून कापून अंगठा घासला, आता मशीन ओळखतच नाही, एक म्हणाला. दुसऱ्याने सांगितलं, "मंग डावा लावून पाह्य." एरवी मी हे वाक्य तिथल्या तिथे कट्ट्यावर टाकलं असतं. त्या दिवशी फोन हातात घेतला आणि ताईंचं नाव उघडून पाहत बसले. त्या ऑनलाइन दिसत होत्या. मी लिहिलं, 'ताई, मी निघाले आहे.' निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. आलूबोंडा अर्धा टाकून उठले.

भंडाऱ्यानंतर कारध्याला वैनगंगा ओलांडावी लागते. जुना पूल बाजूला खाली दिसतो. खास तो बघायला म्हणून मी यापूर्वी दोनदा आले आहे. त्या दिवशी खाली फक्त पांढरं धुकं होतं, नदी नव्हतीच. पुढे दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची शेतं, मध्ये मध्ये रचलेले पुंजणे, तणसाचा ओला वास. एवढा सुंदर रस्ता, आणि माझ्या डोक्यात एकच. दार उघडल्यावर काय दिसेल?

लाखनी आली की पुलावर चढू नका, डावीकडून खाली उतरा. वर गाड्यांची धडधड आणि खाली जुना रस्ता, त्यावर फळांच्या गाड्या, निजलेल्या गाई, उभ्या केलेल्या मोटरसायकली. ताईंनी सांगितलेली खूण सापडली. निळ्या फाटकाचं घर, समोर पंक्चरचं दुकान. भर सकाळी घराच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या.

पंक्चरवाले हरिभाऊ साठीचे असतील. मी फाटकाशी घुटमळताना पाहून हात पुसत आले. मी ताईंचं नाव घेतल्यावर म्हणाले की तीन दिवस झाले, मॅडम बाहेर दिसल्या नाहीत. दूधवाला परत जातो. यांनी कडी वाजवली तर आतून ताप आहे म्हणाल्या. डॉक्टरला बोलावतो म्हटलं तर ओरडल्याच. "इतक्या वर्षांत मॅडम माह्यावर कधी ओरडल्या नाही," ते म्हणाले. मग मला विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? ओळखीची, एवढंच मी म्हणाले आणि ते दुकानापाशीच थांबतील का, असं विचारलं. ते थांबतो म्हणाले.

मी कडी वाजवली. बऱ्याच वेळाने दार चार बोटं उघडलं. फोटोत पाहिलेला चेहरा, पण केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. हातात वापरलेलं पाकीट होतं, त्याच्या पाठीवर पेन्सिलने घाईघाईत लिहून माझ्यासमोर धरलं. 'ते आयकून राह्यले. वापस जा.'

मला वाटलं घरात कोणी शिरलंय. हरिभाऊंना हाक मारायला मी वळले. तेवढ्यात आतून पुरुषाचा आवाज आला, शांत, दमदार, "मैडम, कौन आया है? सामने लाइए."

ताईंनी मान खाली घातली आणि दार पूर्ण उघडलं.

आत माणूस नव्हता. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर खाकी वर्दीतला एक जण बसलेला, मागे झेंडा, भिंतीवर कसलंसं बोधचिन्ह. टेबलाजवळ खुर्ची, खुर्चीखाली पाण्याची बाटली. त्या खुर्चीत ताई तीन दिवस बसून होत्या. झोपतानाही कॅमेरा पलंगाकडे वळवून ठेवायचा हुकूम होता. खिडक्या उघडायच्या नाहीत, फोन आला तर दोन शब्दांत तोडायचा, कोणाशी बोललात तर मुलालाही उचलू.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी त्या माणसाने मला माझं नाव विचारलं आणि मी सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. कुठे राहता विचारलं, तेही सांगितलं. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून शाळेत उभं राहावं तशी मी उभी होते. अशा फसवणुकीच्या बातम्या मी वाचल्या होत्या, ग्रुपवर पुढे पाठवल्याही होत्या. पण त्या आवाजासमोर त्यातलं काही आठवलं नाही. तो म्हणाला, तुम्हीही आता या प्रकरणात आलात, आधार कार्ड दाखवा. आणि मी पर्स उघडली. हे लिहिताना अजून लाज वाटते.

कार्ड सापडेना म्हणून मी चाचपडत होते. त्याला वाटलं मी टाळतेय. आवाज चढवून म्हणाला, "चालाकी मत कीजिए. घर के सामने हाईवे पर हमारी गाड़ी खड़ी है. दो मिनट में अंदर आ जाएगी."

माझा हात पर्समध्येच थांबला. घरासमोर हायवे? मी आत्ता त्याच दारातून आले होते. समोर हरिभाऊंचे टायर होते, एक गाय होती, माझी स्कूटर होती. हायवे पुलावरून, घराच्या छपराहून उंच जात होता. नेटवरच्या कुठल्यातरी जुन्या नकाशात अजून हायवे या दारासमोर असेल. अशा नकाशांवरून मी स्वतः कितीदा चुकले आहे. या माणसाने हे घर पाहिलेलं नव्हतं. त्याची कोणतीच गाडी इथे नव्हती.

मी खिडकीशी जाऊन कडी काढली. तो ओरडायला लागला. तरी मी खिडकी उघडली आणि ताईंना मराठीत म्हटलं, "ताई, इकडे या, बाहेर पाहा. हायवे तर वर गेला. इथे कुठे गाडी आहे?"

ताई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्या दोन पावलं आल्या, उजेडाने डोळे मिचकावले, बाहेर पाहिलं. हरिभाऊंनी रस्त्यापलीकडून हात वर केला. ताई बराच वेळ बघत राहिल्या. मग टेबलाकडे वळल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लॅपटॉप मिटला.

भीती तिथे संपली असं समजू नका. लगेच ताईंचा फोन वाजू लागला. एक नंबर, दुसरा, तिसरा. प्रत्येक रिंगला ताई दचकायच्या. "पोराची नौकरी जाईल वो," एवढंच त्या म्हणत होत्या. हरिभाऊ आत येऊन दारापाशी स्टूल टाकून बसले आणि कोणी काही न सांगता तिथेच राहिले. मी फोन बंद केला, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर माझी टिकली चिकटवली, सायबर तक्रारीच्या नंबरवर सगळं सांगितलं आणि ताईंना स्कूटरवर बसवून पोलीस ठाण्यात नेलं. तेवढं अंतर त्यांनी माझी ओढणी मुठीत धरून ठेवली. ठाण्याच्या पायरीवर त्या थांबल्या. आत गेल्यावर आपल्यालाच ठेवून घेतील, असं त्यांना खरंच वाटत होतं. तिथल्या महिला हवालदाराने पाणी दिलं आणि सांगितलं की खरा पोलीस व्हिडिओवर कोणाला अटक करत नाही. तिने हे तीनदा सांगितलं, एकदाही न चिडता. पैसे अजून गेले नव्हते. सोमवारी बँकेत जाऊन ते पाठवायचा हुकूम होता.

दुपारी ताईंनी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण केलं. तीन दिवसांनी त्या पोटभर जेवल्या. जेवताना मी विचारलंच, तुम्ही आम्हा सगळ्यांना शिकवता, तुम्हाला शंका कशी आली नाही?

"पह्यल्या दिवशी आली होती," त्या म्हणाल्या. "पण तो म्हणे, तुमच्या कॉम्प्युटरातून कारखान्याचे कागद बाहेर गेले. नौकरीत लागताना सही केली होती बाई, आतलं बाहेर सांगायचं नाही म्हणून. घरच्याईलेबी कधी काही सांगतलं नाही. आन् त्यानं नेमकं तेच काढलं."

मी त्यांच्या पानात अजून थोडं वरण वाढलं.

मुक्काम तिथेच केला. रविवारी सकाळी लॅपटॉप पुसून नव्याने सगळं टाकायचं काम होतं. ताई त्या टेबलाजवळ यायला तयार नव्हत्या. त्या स्वयंपाकघरातून सांगत गेल्या, मी बटणं दाबत गेले. एकही पायरी चुकली नाही त्यांची. मग उन्हं वर आल्यावर आम्ही जुना रस्ता बघायला निघालो. पुलाच्या खांबांमधून दीडेक किलोमीटर चालता येतं, पुढे एके ठिकाणी जुनं डांबर गवतात शिरून संपतं. पूर्वी ट्रकची रांग लागली की आपलं घर कसं हलायचं, ते ताई सांगत होत्या. समोरून पांढरी गाडी आली की बोलणं थांबायचं आणि त्यांचा हात माझ्या दंडावर यायचा. गाडी गेली की पुन्हा सुरू. मी जुन्या रस्त्याचे फोटो काढायचे विसरले, म्हणून या पोस्टमध्ये ते नाहीत.

दुपारी निघाले, उजेड असताना नागपूरला पोचले. सोमवारी ताईंचा मुलगा आला. तो महिनाभर घरूनच काम करणार आहे. तक्रारीचं पुढे काय होईल, माहीत नाही. माझं म्हणाल, तर अनोळखी नंबर वाजला की अजून फोन उलटा ठेवते. त्या माणसाकडे माझं नाव आणि पत्ता आहे, हे भांडी घासताना मध्येच आठवतं. आणि मी तिथे सरळ उभी राहिले होते, हे त्याहून जास्त आठवतं.

ही पोस्ट टाकण्याआधी ताईंना फोनवर वाचून दाखवली. नाव बदलू का, विचारलं. त्या म्हणाल्या, बदल, गाव ठेव, इकडच्या बायकांना कळलं पाहिजे. नाव बदललं आहे.

"अजून एक," त्या म्हणाल्या. "मी भेली होती असं लिव. येडी होती असं नोको लिवू."

तसंच लिहिलं आहे.