आव्यातली गोवरी

आमच्या कुंभारआळीत आवा एकट्याने लावायचा नाही, अशी रीत होती. मडकी भाजायच्या गोल, मातीच्या भिंतींच्या भट्टीला आम्ही आवा म्हणतो. मडकी रचून झाली की आळीतल्या प्रत्येक घरातून कोणीतरी यायचं आणि आपल्या घरची एक गोवरी स्वतःच्या हाताने आत ठेवायचं. मगच विस्तव. मग आवा कोणाचाही असो.

सरळच सांगतो, मी रीतीभातींचा माणूस नाही. पालघरला खोली घेऊन राहतो, पत्रकं लिहितो, भिंतींवर चिकटवतो, सभेत घसा फोडतो. आमची आळी कशी ओस पडली यावरही लिहिलं. साठ सालानंतर तारापूरला समुद्राकडे मोठं बांधकाम निघालं, रोजची मजुरी मिळू लागली. इकडे आमच्या पालघरजवळच्या माहीमच्या घरांवर मंगलोरी कौलं चढली, आमचे हाताने घडवलेले नळे, ती जुनी अर्धगोल कौलं, उकिरड्यावर गेले. बाजारात जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, पातेली आली. पडली तरी फुटत नाहीत, एवढ्यावरच लोक भाळले. धंदा बुडत होता तेव्हा एकही पुढारी आळीत फिरकला नाही. मतं मागायला मात्र आले होते. आमच्याच माठातलं पाणी ढोसून गेले.

एकेक घराला कुलूप लागलं. आव्यांच्या भिंती ढासळल्या, आत रुई उगवली. शेवटी राहिली एकटी माझी आत्या. तिचा मुलगा बोईसरला कामगारांच्या चाळीत राहायचा. तो दर खेपेला म्हणायचा, चल. ती म्हणायची, हिवाळ्यात घडवलेली मडकी अजून कच्ची आहेत. आवा लागला तर मी इथेच राहीन, नाही लागला तर येईन तुझ्याकडे. असं तिने स्वतःच ठरवलं होतं.

मी गेलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती. पडवीभर राखाडी माठ, मडकी, झाकण्या. माणूस एक आणि भांडी गावजेवणाची.

"आलास? तुझ्या बापाचं घर बंद असलं तरी घर हाय. तुझी गोवरी थाप."

माझे वडील वारले होते. म्हणजे त्या घराचा मीच. मागच्या वाडीतल्या म्हशीचं शेण आणलं आणि बसलो थापत. गोवरी भिंतीवर राहीना.

"अरे, हे पत्रक नाय तुझं, खळ लावून चिकटवायला," आत्या म्हणाली आणि इतकी हसली की खोकला लागला. त्या आळीत हसण्याचा आवाज किती मोठा वाटला!

बाकीच्या घरांच्या गोवऱ्या आणायचं मी अंगावर घेतलं. सायकल काढली आणि बांधकामाच्या वस्तीवर गेलो. पत्र्याच्या खोल्या, सिमेंटने पांढरी झालेली माणसं. आमच्या शेजारचा दादा, ज्याच्यासारखा मडक्याचा घाट आळीत कोणाला जमायचा नाही, तो तिथे घमेली वाहत होता.

"या पुढारी! आज कुणाविरुद्ध?"

"गोवरी पाहिजे. आत्याचा आवा आहे."

त्याने दोन्ही हात पसरले. "हितं गाय नाय, म्हस नाय. गोवरी काय मिक्सरमधून काढू?" मग आत जाऊन तो दगडी कोळशाचा एक खडा घेऊन आला. "हा ने. आमच्या चुलीतला हाय."

त्याची बायको दारातून म्हणाली, "असं धाडायचं नसतंय. हातानं ठेवायला लागतं. आमी येतो रविवारी." दुसऱ्या खोल्यांतूनही तेच आलं. रविवारी येतो. नक्की येतो. आत्याला सांग.

आत्याने कोळशाचा खडा हातात तोलून बाजूला ठेवला. "ह्याच्या धगीनं मडकं तडकंल. पण येतो म्हणाला ना?"

रविवारी सकाळपासून ती नीट पातळ नेसून बसली. आवा रचलेला होता. तिची गोवरी आत, माझी आत. दुपार झाली. मी रस्त्यापर्यंत जाऊन आलो. एक सायकलवाला दिसला तर तो मासवणचा, त्याला पुढे जायचं होतं. उन्हं कलली तेव्हा आत्याचा मुलगा एकटाच आला. रविवारचा ओव्हरटाइम लागला होता, कोणालाच सुटता आलं नव्हतं.

ओव्हरटाइम! माझं डोकं फिरलं. माणसाचा रविवारही विकत घेतात आणि वर उपकार केल्यासारखं सांगतात. मी काडेपेटी काढली. "आत्या, मी लावतो. आगीला काय कळतंय कुणाची गोवरी ते? आपण तिघं आहोत."

"तिघं रातभर पुरत नाय. कुठं धूर फुटला, कुठं माती थापायची, चारी अंगांनी बघायला लागतं. ज्याची गोवरी आत हाय तो झोपत नाय, म्हणून ठेवायची." ती थांबली. "आणि समज, लावला. सकाळी मडकं वाजवून बघायला कोण येणार हाय?"

मी काडेपेटी परत खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही आवा उतरवला. कच्चं मडकं पाण्यात ठेवलं की त्याची पुन्हा माती होते. आत्याने सगळी मडकी तळ्यावर न्यायला लावली. मी पहिलं फेकलं तसं तिने माझं मनगट धरलं. "फेकू नको. सोड."

मग काठावर बसून एकेक सोडत राहिलो. आधी बुडबुडे यायचे, मग काठ वाकायचा, मग आकार जायचा.

निघताना तिने दाराला कुलूप घातलं. गावाला जाताना किल्ली शेजारी द्यायची असते. ती किल्ली हातात धरून शेजारच्या ओट्यापर्यंत गेली, तिथलं कुलूप पाहिलं, पुढच्या घराकडे बघितलं. मग परत आली आणि किल्ली कमरेला खोचून मुलाच्या मागे सायकलवर बसली.