पायाखालून जाणारा ब्रेक

उतारावरच्या सिग्नलला उभी असलेली बाबांची व्हॅन पुढच्या रिक्षाला जाऊन टेकली आणि आमच्या घरात बाबांच्या पायावर खटला सुरू झाला. रिक्षाला ओरखडाही आला नव्हता. तरी रिक्षावाला जाता जाता म्हणालाच, "काका, आता नातवंडं खेळवा." हे बाबांनी स्वतःच घरी येऊन सांगितलं, आणि सांगून फसले.

बाबा मार्केट यार्डातून कांदे-बटाटे आणून कोथरूडातल्या खाणावळींना पोचवतात. आई गेल्यापासून पहाटे उठायला त्यांना तेवढंच कारण उरलंय. व्हॅन जुनी, बाबा सत्तरी ओलांडलेले. ते सांगत होते, पेडल मऊ लागतंय, पाय ठेवला की खाली जातं. गॅरेजवाल्याने सीटवर बसून पेडल थपथप चार-पाचदा दाबलं. घट्ट. ऑइल बरोबर, चाकांशी गळती नाही. समाधानासाठी त्याने पाइपातली हवाही काढून दिली. गाडी ओके आहे म्हणाला, आणि मग बाबांच्या पायांकडे बघितलं.

मीही थपथप दाबून पाहिलं. घट्टच. मला संताप आला. चूक स्वतःची आणि बोट गाडीकडे, हे आमच्या घरात नवीन नाही. किल्ली मी सरळ पर्समध्ये टाकली. खाणावळींकडे दुसऱ्याचा टेम्पो जायला लागला.

मग घरात कुणालाच चैन पडेना. बाबा हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. पेपर उघडायचे, न वाचता मिटायचे. मला ऑफिसात काम सुचेना. घरी आले की त्यांचं ते फिरणं बघवेना, आणि ते बसले की त्याहून जास्त धास्ती वाटायची. एकदा ते स्वयंपाकघरात भिंतीला उजवा पाय लावून जोर करून बघताना दिसले. मी पाणी न पिताच मागे फिरले.

रविवारी दादाचा बंगळूरहून फोन आला. बाबांच्या कानावर जायला नको म्हणून मी खाली पार्किंगमध्ये व्हॅनमध्ये जाऊन बसले. त्याचं म्हणणं, गाडी विकून टाक. मी विचारलं, त्यांना सांगणार कोण? तो म्हणाला, तू, तू तिथे आहेस. लांब राहून शहाणपण शिकवायला काय जातं! मी तावातावाने बोलत होते आणि पाय उगाचच ब्रेकवर टेकलेला होता, सिग्नलला उभं असताना ठेवतो तसा.

पेडल हळूहळू खाली चाललं होतं. मी बोलायची थांबले. पेडल तळाला टेकलं.

पाय उचलला आणि थपथप दाबलं, तर घट्ट. परत हलकेच ठेवला आणि वाट पाहिली. परत खाली. आम्ही सगळ्यांनी ते पेडल नुसतं बडवलं होतं. पाय ठेवून थांबलं कुणीच नव्हतं. सिग्नलला बाबा थांबत होते. दादा फोनवर "हॅलो, हॅलो" करत राहिला.

गॅरेजवाल्याला गाठलं, त्यालाच पेडल हलकेच दाबून धरायला लावलं. त्याने मान हलवली. पेडलचा दाब ऑइलमधून चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधलं रबर झिजलं होतं. सावकाश दाबलं की ऑइल आतल्या आत मागे सरकायचं, त्यामुळे बाहेर थेंब दिसत नव्हता. त्याने सिलिंडर बदलला. हवा काढताना तो गाडीखाली आणि मी पेडलवर. काम झाल्यावर मी कितीतरी वेळ पाय तसाच ठेवून बसले. पेडल जागचं हललं नाही. मला रडू आलं.

घरी येऊन मी किल्ली बाबांसमोर ठेवली. म्हटलं, "बाबा, तुमचा पाय चांगला आहे. गाडीच बिघडली होती."

आता एक सणसणीत टोमणा येणार, याची मी तयारी ठेवली होती. खरं तर वाटच पाहत होते. त्यांनी नुसती किल्ली उचलली. खाली आले, सीटवर बसले, ब्रेकवर पाय ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग उतरले आणि पलीकडच्या दाराकडे गेले.

"तू चालव. मी शेजारी बसतो."

"अहो बाबा, ब्रेक नीट झालाय."

"कळलं मला," ते दार उघडत म्हणाले. "पण पायात जोर राहिला नाही असं तुम्ही सगळे इतके दिवस सांगत होतात ना, ते मला पटलंय."