दोन खाणींच्या मधला कातळ

टपरी चालवणाऱ्या बाईला किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. ते धुरळ्यासारखे आपोआप येऊन बसतात. सकाळी फडकं मारावं तर दुपारी पुन्हा थर. भरे गावात माझं माहेर. तिथे गेले की बहिणी म्हणतात, सांग गं काहीतरी खाणीवरचं. मी सांगते, त्या हसतात, मलाही हसू येतं. पण ते तिथे. घडत होतं तेव्हा कुणाला हसू येत होतं?

टपरीची जागाच तशी. रस्त्याला दोन फाटे फुटतात, तिथे. डावीकडे अण्णांची खाण, उजवीकडे तात्यांची. दोघे चुलतभाऊ, पण बोलणं कधीचंच बंद. आमचे मिस्टर, दिलीप, अण्णांकडे पोकलेन चालवायचे. धाकटे दीर संजूभाऊजी तात्यांकडे ब्रेकरवर, म्हणजे कातळ फोडायच्या मशीनवर. मालक दोन, घर एक.

*

आधी भोंग्याचं सांगते. सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजवायचा, म्हणजे माणसं लांब जातात. अण्णांनी नवा भोंगा आणला, पार खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा. तात्यांनी त्याहून मोठा आणला. अण्णांनी त्याच्याही वरचा. मग वेळेची चढाओढ लागली आणि दोन्हीकडे दुपारच्या सुट्टीतच ब्लास्टिंग व्हायला लागलं. दोन्ही भोंगे एकदम सुरू झाले की कुठला सुरुंग आधी उडणार तेच कळेना. डावीकडची माणसं उजवीकडे पळायची, उजवीकडची डावीकडे, आणि शेवटी सगळी माझ्या टपरीत, बाकाखाली.

एकदा हिंजवडीहून एक कुरिअरवाला आला होता, आमच्या गावात पहिल्यांदाच. चहाचा ग्लास हातात धरून तोही बाकाखाली शिरला. जमीन हादरायची थांबल्यावर त्याने विचारलं, "ताई, हे रोज असतं?"

मी म्हटलं, "रविवारी सुट्टी."

*

सुरुंगांनी आमच्या आळीची बोअर गेली. आधी पाणी दुधासारखं आलं, मग नुसती हवा. ती कुणामुळे गेली हे दोघांनाही मान्य नव्हतं, पण उपकार मात्र दोघांनाही करायचे होते. अण्णांचा टँकर आला, त्यावर अण्णांचा फोटो. त्याच सकाळी तात्यांचा आला, फोटो जरा मोठा. आळी अरुंद. टँकर समोरासमोर अडकले आणि मागे घ्यायला कुणी तयार नाही. ड्रायव्हर फोनवर मालकांना विचारतायत, मालक सांगतायत, हलायचं नाही. आम्ही बायका हंडे घेऊन उन्हात उभ्या.

माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, एका टँकरच्या मागे गेल्या आणि नळ सोडला. मग वळसा घालून दुसऱ्याच्या मागे गेल्या, तोही सोडला. हंडे, पिंपं, बादल्या, सगळं भरून झाल्यावर ड्रायव्हरांना म्हणाल्या, "आता भांडा. वझं कमी झालं."

*

मग सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. अण्णांची सून उभी राहिली, तात्यांची बायको उभी राहिली. देवळापुढच्या सभेत अण्णांची सून म्हणाली, निवडून दिलंत तर तात्यांची खाण बंद करीन, घरांना तडे जातायत. टाळ्या. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तात्यांची बायको म्हणाली, मी अण्णांची खाण बंद करीन, पोरांचा खोकला हटत नाही. तेवढ्याच टाळ्या.

मागून कुणीतरी म्हणालं, "दोघींनाबी निवडून द्या की. गाव झोपंल तरी निवांत."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. दोन्ही खाणी बंद पडल्या तर आमची चूल कशावर पेटणार? आणि चालू राहिल्या तर? यातल्या कशाची जास्त धास्ती घ्यायची, तेच मला ठरवता येत नव्हतं. निवडून कुणी का येईना, खाणी दोन्ही चालूच राहिल्या.

*

दोन खाणींच्या मध्ये डोंगराची एक पट्टी उरली होती, वर जुनी गाडीवाट. दगड सगळ्यात चांगला त्याच पट्टीत, काळा, घट्ट. आपण सोडला तर दुसरा खाणार, म्हणून दोघेही आपापल्या बाजूने आत शिरत होते.

घरात आत्यांचा नियम होता, खाणीचं बोलणं चपलांबरोबर बाहेर ठेवायचं. एकदा जेवताना मिस्टरांनी तो मोडला. म्हणाले, आज मशीन बंद केली तरी सीटखालून हादरे येत होते.

संजूभाऊजींनी हातातला घास खाली ठेवला. "दादा, पलीकडं मी हुतो."

आत्या कुणालाच रागावल्या नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

सकाळी दोघे आपापल्या मालकाकडे गेले. मिस्टरांनी अण्णांना सांगितलं की कातळ पातळ झालाय, आता थांबू या. अण्णा म्हणाले, "आधी त्याला थांबाय सांग." तिकडे भाऊजींनी तात्यांना हेच सांगितलं. तात्या म्हणाले, "आधी त्याला थांबाय सांग."

दुपारी दोघे टपरीवर एकाच बाकावर बसले आणि मिळालेली उत्तरं एकमेकांना सांगितली. चहा संपवला. एक डावीकडे गेले, एक उजवीकडे.

तेव्हापासून माझं दूध रोज उतू जायचं. भोंगा वाजला की बरं वाटायचं, कारण दोघे मशीन सोडून लांब जायचे. भीती वाटायची ती भोंगा नसताना, ब्रेकरची टकटक ऐकू येत असताना. आणि टकटक थांबली की त्याहून जास्त.

*

हा शेवटचा किस्सा मी माहेरी कधी सांगितलेला नाही.

त्या दिवशी मी बटाटे चिरत होते. टकटक थांबली. मग आवाज आला. सुरुंगासारखा एकदम नाही, लांबत गेलेला. डंपर खडी ओततो आणि ओततच राहतो, तसा. मी सुरी टाकून धावले. आत्या माझ्या पुढे होत्या, अनवाणी.

झालं होतं ते असं. भाऊजींना कातळाच्या भेगेतून भुगा गळताना दिसला. इंजिन चालूच सोडून ते उतरले. मागे पळाले असते तर सुटले असते. पण ते पट्टीच्या टोकाला वळसा घालून अण्णांच्या खाणीत शिरले, आणि अंगातला लाल शर्ट काढून फिरवत ओरडायला लागले. पोकलेनच्या घरघरीत मिस्टरांना शब्द ऐकू आले नाहीत. शर्ट दिसला. हा इकडे कसा, म्हणून विचारायला ते खाली उतरले आणि त्यांच्याकडे चालत निघाले. तेवढ्याने भागलं.

आम्ही पोचलो तेव्हा मधली पट्टी नव्हतीच. दोन खाणींची एकच झाली होती. मध्ये दगडांचा ढीग, त्यातून पोकलेनचा पिवळा हात वर आलेला. ढिगाच्या अलीकडच्या कडेला आमचे दोघे बसले होते, धुळीने पांढरेफटक, कोण कुठला ते ओळखू येईना. मी जवळ गेले. मिस्टरांनी भाऊजींचा शर्ट मुठीत घट्ट धरला होता.

डावीकडून अण्णा आले, उजवीकडून तात्या. कित्येक वर्षांनी दोघे समोरासमोर उभे राहिले. गाव गोळा झालं होतं.

अण्णा ढिगाकडे बघत म्हणाले, "ह्यो माल माझ्या हद्दीत पडलाय."

तात्या म्हणाले, "मोजणी आणू. निम्म्याच्या वर माझ्यात हाय."

आत्या तोवर दगडांवरून चढत पोरांपाशी पोचल्या होत्या. दोघांच्या मधे बसल्या. दोघांचे हात आपल्या मांडीवर ओढून घेतले.

"माझ्या हद्दीत पडलाय," त्या म्हणाल्या. "उचलून दावा."