अण्णांचं ‘छान चाललंय’

महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात असे किस्से इतके साठलेत, की नवीन कुणी जॉइन झालं की लंचला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. आणि प्रत्येक किस्सा सांगून झाला की माझाच गोंधळ वाढतो, तो वेगळा!

*

मॅनेजर आमचे रघुअण्णा. राजाजीनगरचे, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी, बोलण्यात कानडी मिसळलेली. त्यांचा नियम एकच. सकाळच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाने आधी ‘छान चाललंय’ म्हणायचं, मग काय ते बोलायचं.

एकदा सर्व्हर पार आडवा झालेला. मी म्हटलं, “छान चाललंय. बंद आहे.”

अण्णा खूश! “सरी, ठीक! पुढे कोण?”

*

मृणाल आमची टेस्टर, नागपूरची. चुका शोधणं हे तिचं काम आणि स्वभावही तोच. प्रोबेशनवर होती. अण्णांनी बजावलं, “स्वल्प पॉझिटिव्ह हो गं, नाहीतर कन्फर्मेशन अवघड आहे.”

बिचारी हादरलीच. नुकतंच आईला इकडे राहायला आणलेलं. “आता आईला काय सांगू बाप्पा?” म्हणत दिवसभर जेवली नाही. आम्हालाही वाईट वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी तिचा रिपोर्ट आला: ‘लॉगिनचं पान सुंदर उघडतं. एकदाच. ऑर्डर जाते. दोनदा जाते. ग्राहकाचा उत्साह दिसतो.’

आमच्या डेव्हलपरने वरवर वाचला आणि सगळ्या टीमला मैसूरपाक वाटला!

*

ऑफिसच्या पूजेसाठी शाल घ्यायला अण्णा आम्हाला चिकपेटच्या बाजारात घेऊन निघाले. कारने! मृणाल म्हणाली, “अण्णा, मेट्रोने जाऊ. तिथं पार्किंग नाही भेटत.”

“असं बोलायचं नाही. मिळेल!”

दुपारभर आम्ही त्याच गल्ल्यांना प्रदक्षिणा घातल्या. शेवटी अण्णांनी ट्रॅफिकमध्ये बसूनच मोबाइलवरून शाल मागवली. “बघा, झाली की नाही खरेदी?”

*

बरं, हसावं म्हटलं तर तेही जमत नाही. एकदा आम्ही लिफ्टमध्ये अडकलो. मृणालने अलार्म दाबदाब दाबला, तो बंद! अण्णा म्हणाले, “किती शांत आहे इथे,” आणि मोठ्याने भजन सुरू केलं. ते ऐकून वॉचमन धावत आला.

*

मग आला क्लायंटचा कॉल. सोमवारी ॲप लाइव्ह करायचं होतं. क्लायंटने विचारलं, “सगळं रेडी?” आम्ही सगळे ओळीने ‘छान चाललंय’ म्हणालो. मृणालची पाळी आली. तिने अण्णांकडे बघितलं.

“छान चाललंय. पण सोमवारी लाइव्ह करू नका. ऑर्डर अजून दोनदा जाऊन राहिली आहे.”

अण्णांचं हसू मावळलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. क्लायंटने तारीख पुढे ढकलली. कॉल संपला, अण्णा म्हणाले, “मृणाल, केबिनमध्ये ये.”

संपलं, आम्ही म्हटलं. एकाने तर तिच्या मगातला चहासुद्धा ओतून टाकला, तिला टेबल आवरायला सोपं जावं म्हणून.

ती बाहेर आली. डोळ्यांत पाणी. “काय झालं गं?”

“कन्फर्म केलं.”

“आँ? का?”

“मीही तेच विचारलं. तर म्हणाले, तू घाबरत असतेस, म्हणून तर मला पॉझिटिव्ह राहता येतं गं!”