अक्कांच्या चुलीवरची आमटी

बंगळुरात, साठच्या दशकात, आमच्या शेजारी एक अक्का राहायच्या. कुणाचाही पदार्थ त्या एकदाच चाखायच्या. तळहातावर दोन थेंब घेऊन डोळे मिटायच्या आणि आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणायच्या, "सरी, बरं, कळलं." दुसऱ्या दिवशी हुबेहूब तसाच पदार्थ त्यांच्या चुलीवर व्हायचा. त्यांची स्वतःची अशी चव मात्र मी कधी चाखली नाही.

माझी बायको बाळंतपणाला बेळगावला गेली, तेव्हा अक्का मला रोज आमटी आणून देऊ लागल्या. चव थेट बायकोच्या हातची होती. चिंच बेताची, गूळ जरा जास्त, फोडणीतला लसूण किंचित करपलेला. सुरुवातीला मी आनंदाने जेवलो. मग भिंतीपलीकडून डाव पातेल्यावर आपटल्याचा आवाज येऊ लागला, बायको आपटायची अगदी तसा. पाठोपाठ तिचं गुणगुणणंही. अक्कांनी तिची आमटी एकदा चाखली होती, पण तिला स्वयंपाक करताना कधी पाहिलंच नव्हतं. मी ताट बाजूला सारलं.

बाळाला घेऊन बायको परतली आणि पहिल्याच दिवशी तिने आमटी केली. ती परकी लागली. तिने स्वतःही ती पुन्हा पुन्हा चाखली. मग बाळाला छातीशी धरून ती शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अक्का, मी गूळ किती घालत होते हो?"

अक्कांनी मायेने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"स्वल्प, जरा बस," त्या म्हणाल्या. "तुझी आमटी मी तुला शिकवते."