पुढून धरलेली पकड

हुतुतू मी कुणाकडून शिकलो नाही. पूर्णगडाजवळच्या बंदरावर पोती वाहून मोठा झालो, मग नारळ-सुपारीचा व्यापार मांडला, आणि घासाघीस करता करता जे कळलं तेच वाडीतल्या पोरांना शिकवलं. गिऱ्हाईक दुकानात येतं तेव्हा सावध असतं. त्या वेळी त्याच्या अंगावर जाऊ नये. ते पाठ फिरवून निघालं, की त्याचं अर्धं मन मागे राहिलेलं असतं. तेव्हा हाक मारावी.

चढाई करणाराही तसाच. आत येताना त्याचे डोळे चहूकडे असतात. परत फिरताना त्याला फक्त मधली रेघ दिसते. म्हणून आमच्या वाडीचा एकच नियम होता : येणाऱ्याला धरायचं नाही. त्याला आत येऊ द्यायचं, नाचू द्यायचं, शिवता शिवता वाचायचं; वळला की कोपऱ्यातल्याने घोटा धरायचा आणि बाकीच्यांनी कोसळायचं. ऐकायला सोपं आहे. पण अंगात रग असलेल्या पोराला गप्प उभं राहायला लावणं फार कठीण. पुढून झेप घेणाऱ्याला मी त्या दिवशी खेळूच देत नसे. दमासाठी त्यांना डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर जाणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्या हुतुतू करत चढायला लावी. मध्ये दम तुटला की खाली उतरून पुन्हा पहिल्या पायरीपासून. पोरं मला शिव्या देत असणार, पण चढत.

आमच्याकडे शिमग्याला एक सामना ठरलेला असे, गाव विरुद्ध सणाला घरी आलेले आमचेच मुंबईकर. भात निघून गेलेल्या कुणग्यात राखेच्या रेघा मारायच्या आणि सगळा गाव बांधावर बसायचा. एरवी तो मौजेचाच खेळ. पण त्या वर्षी रत्नागिरीत मोठे सामने व्हायचे होते आणि गावातून एकच संघ घेणार होते. शिमग्याला जो जिंकेल तो गावाच्या नावाने जाईल, असं गावकीत ठरलं. मला दुसरं काही सुचत नव्हतं. माझी पोरं रत्नागिरीच्या मैदानावर उभी राहायला हवी होती. माल भरायच्या ऐन हंगामात दुकान बायकोवर टाकून मी रोज संध्याकाळी कुणग्यात उभा राही, तो त्यासाठीच.

मुंबईकरांचा म्होरक्या गिरणीत जॉबर होता, माणसं कामाला लावणं त्याच्याच हातात. त्याचे गडी अंगाने चांगले, पण दमाला कच्चे. सामना सुरू झाला आणि आम्ही सहज पुढे गेलो. मग त्यांचा एक गडी चढाईला आला, आणि आमच्या डाव्या कोपऱ्यातल्या पोराने पुढून झेप घेतली. गडी त्याला झटकून परत गेला. बांधावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोर कसं धीट म्हणून. मी ओरडलो. पुढच्या चढाईला दुसऱ्याने तेच केलं. त्याच्या पुढच्या चढाईला आमच्या कर्णधाराने. तो माझ्या शेजारघरचा, त्याला चालायलाही मीच शिकवलेलं. पुढून धरू नये हे त्या पोराच्या हाडात होतं.

लोकांना कळलं नाही. मला कळलं.

मधल्या सुट्टीत पोरं पाणी पीत होती. मी कर्णधारासमोर जाऊन उभा राहिलो.

"पुढून का धरतोस?"

"चुकलं, काका."

"एकाचं चुकतं. सगळ्यांचं एकदम चुकत नाही."

तो तांब्यातून तोंड वर काढेना. मग डाव्या कोपऱ्यातला म्हणाला, "काका, आता नका बोलू. ठरलंय ते."

"कुणाशी ठरलंय?"

कर्णधाराने तांब्या खाली ठेवला. "मुंबईकर जातील रत्नागिरीला. जॉबर आमाला गिरणीत लावतो म्हणालाय. सगळ्यांना, पावसाच्या आधी."

"आणि मला कधी सांगणार होतात?"

"तुमी भांडला असतात."

"भांडलो असतोच."

"म्हणूनच," तो म्हणाला.

मी तसाच पलीकडे जॉबरकडे गेलो आणि सगळ्या गावादेखत त्याला नको ते बोललो. तो सिगारेट ओढत बसला होता, उठलाही नाही. "भाऊ, पोरं पोटाला लागतायत. तुम्हाला राग कसला?"

"जिंकायचं तर खेळून जिंकायचं."

"खेळून कसं जिंकणार? तुम्ही शिकवलंय ना त्यांना." आणि त्याचे लोक हसले. गावकीचा प्रमुख, आमचा गावकरही हसला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. "शेट," गावकर म्हणाला, "सगळ्याच गोष्टीत तुमचा सौदा कसा असेल? बसा आता."

मी बसलो नाही. दुसरा डाव न बघता घरी आलो.

लोक म्हणतात, पोरांच्या भाकरीपेक्षा याला सामना मोठा. तसं नाही. नोकरीला माझी ना नव्हती. पण मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं : आधी जिंका. रत्नागिरीत चार लोकांनी तुम्हाला बघू दे. जिंकलेल्या गड्याला गिरणीवाले स्वतः बोलावतात. हरलेल्याला जॉबरच्या मर्जीने राहावं लागतं, त्याच्या घरचं पाणीसुद्धा भरावं लागतं. माझ्या हाताखाली तयार झालेल्या पोरांनी आयुष्यातला पहिला सौदा केला, तो मला वगळून, आणि समोरच्याने पहिला शब्द टाकताच हो म्हणून. याची आग अजून जात नाही.

आगबोटीने मुंबईला निघायच्या दिवशी ती सगळी पोरं पाया पडायला पडवीत आली. मी घरामागच्या मांगरात, नारळाच्या खोपटात, नारळ सोलत बसलो होतो. बायको दोनदा बोलवायला आली. "पोरं खोळंबलीत," म्हणाली. मी गेलो नाही. तिने त्यांना लाडू बांधून दिले.

त्यानंतर मी कुणाला शिकवलं नाही. कर्णधार गणपतीला येतो. ओट्यावर बसून चाळीतल्या गोष्टी सांगतो, माझ्या गुडघ्याची चौकशी करतो, जाताना चहाची पुडी ठेवतो. सामन्याचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही. पण त्याने एकदा तोंडाने म्हणावं, की काका, तुमाला सांगायला हवं होतं. तेवढं त्याने म्हटल्याशिवाय मी त्याला जेवायला थांब म्हणणार नाही. बायको म्हणते, पुरे झालं आता, थोडं तुम्ही सोडा. जन्मभर घासाघीस केली, पण यातलं काही कमी करायला मी तयार नाही.