आत्या वणीला जेवायला गेली

कळंबहून सकाळची मोटार सुटली तेव्हा आत्याचे दोन्ही हात रिकामे होते. हे मुद्दाम लिहिते, कारण तिला असा प्रवास करताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझी आत्या आचारीण. गावातल्या लग्नांच्या, बारशांच्या, तेरव्यांच्या पंगतींचा स्वयंपाक गेली कित्येक वर्षं तीच करते. कुठेही निघाली की झारा, उलथनं आणि मसाल्याचा डबा तिच्याबरोबर असायचाच. पंगती उठल्या, मंडळी पान खायला बसली, की चुलीजवळ पाट ओढून ती उरलंसुरलं जेवायची.

तिची मागणी साधी होती. "मले टाकीजात एक पिच्चर पाहाचा हाय. अन् मंग हाटेलात टेबलापाशी बसून जेवाचं हाय. कोनी तरी वाढलं पाहिजे. मी उठनार नाही."

मी शाळेत नोकरीला लागल्यापासून ती हे सांगत होती आणि मी हो हो म्हणत होते. त्या वर्षी ज्याची गाणी घराघरांत पोचली होती तो हिंदी चित्रपट यवतमाळला आला, पण ऐन लग्नसराईत. आत्याला एक दुपार मोकळी मिळेना. मे महिन्याच्या अखेरीस तो वणीला लागला, तेव्हा मी म्हटलं, चला वणीला. पिच्चरसाठी कोणी इतक्या लांब जातं का, असं शेजारणींनी विचारलं. जत्रेला निघालो असतो तर चकार शब्द काढला नसता.

यवतमाळला गाडी बदलली. तिकीट फाडताना कंडक्टरने विचारलं, "संगं कोन हाय?"

"ही माझी आत्या."

"तसं नाही बाई. गडीमाणूस कोन हाय?"

मोटारीत बसायला गडीमाणूस लागतो हे मला नवीन होतं. मी तसं त्याला सांगितलं. तो पुढच्या बाकाकडे वळला आणि मारेगाव येईपर्यंत आमच्याकडे फिरकला नाही.

पऱ्हाट्या (कापसाची झाडं) उपटून झाल्या होत्या आणि काळी शेतं तापत पडली होती. वणी जवळ आली तसे कोळशाचे ट्रक समोरून येऊ लागले. प्रत्येक ट्रकमागे आम्ही पदर नाकाला लावायचो. मुक्काम राजूरला, खाणीजवळ राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे होता. तिथे सकाळी वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी राखाडी होऊन घरात येतं. मैत्रिणीने जेवायला वाढलं तर आत्या म्हणाली, "आज मी थोडंसंच खातो. उद्या हाटेलात जेवाचं हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारचा खेळ. टॉकीजमध्ये बायकांची जागा एका कडेला, खांबाच्या आड. तिथून पडदा तिरका दिसतो, त्यामुळे नायक शेवटपर्यंत दुधीभोपळ्यासारखा लांबट राहिला. तिकीट मात्र सरळ बघणाऱ्यांइतकंच. पण गाणी लागली आणि मी खांबालाही माफ केलं. नायिका नदीकाठी गात असते, नायक डोळे मिटून ऐकत असतो, आणि एक शेळी त्याची गवती टोपी खात असते. ते पाहून नायिका गाता गाताच हसते. आत्या इतकी हसली की पुढच्या बाईने वळून पाहिलं. पुरुषांच्या बाजूने नायिकेच्या आवाजावर चिल्लर उडाली, शिट्ट्या झाल्या.

बाहेर आलो. टॉकीजला लागूनच हॉटेल. 'चहा, फराळ व उत्तम भोजन' अशी पाटी. दारात भोंगा, आणि भोंग्यातून तेच गाणं. ट्रकवाले, शेंगदाण्याचे व्यापारी, दोन कारकून आत जेवत होते. पाटोडीच्या (बेसनवडीच्या) रश्शाचा वास रस्त्यापर्यंत आला होता. आत्याने पदर सारखा केला आणि देवळात शिरावं तशी ती आत शिरली.

गल्ल्यावरचा मालक अर्धवट उठला. "काय पाहिजे मावशी?"

"जेवन."

"माणूस मागून येऊन राह्यला का?"

"कोन माणूस?" आत्याने विचारलं.

"म्हंजे तुमच्या संगं कोनी गडीमाणूस?" मग माझ्याकडे बघून तो समजुतीने म्हणाला, "एकल्या बाया आमी बसवत नाही, बाई. गिऱ्हाईक नावं ठेवते. पुड्यात बांधून देतो ना, घरी नेऊन खा."

रागात माझी भाषा शुद्ध होते. मी म्हणाले, "तुमच्या दारात हे गाणं कोण गातं आहे?"

"रेकाड हाय ते."

"रेकॉर्डवर बाईच गाते आहे ना? तिच्याबरोबर गडीमाणूस आहे का, ते विचारलंत? तिच्या आवाजावर गिऱ्हाईक गोळा करता. तेव्हा नावं कोणी ठेवत नाही?"

एक कारकून जेवता जेवता हसला. मालक ओशाळला, पण हटला नाही. वर उपकार केल्यासारखा म्हणाला, "असं करा. मांगं सैपाकघरात बसा. तिथं माही बायको हाय. पाट देईन, गरम गरम वाढीन. कोनाले दिसनार बी नाही."

मला वाटलं, आता आत्या माझ्यापेक्षा मोठ्याने बोलणार. ती सरळ मागे गेली. तिने हार मानली असं मला वाटलं, तरी मी तिच्यामागे गेले. आत्या उंबऱ्यावर उभी होती. आत भल्या मोठ्या चुलीसमोर घामाने निथळणारी एक बाई भाकरी थापत होती.

"बाई," आत्या तिला म्हणाली, "तुह्यावर राग नाही. पन चुलीपाशी जेवाले मी वणीले आली नाही. एवढंच सांगाले आली."

त्या बाईने थापलेली भाकर तव्यावर टाकली. मग तिने विचारलं, "पिच्चर पाहून आल्या का मावशी?"

"हो."

"मंग एक सांगा. ते नदीवरचं गानं हाय ना, दिवसातून तीनदा या भिंतीतून आयकतो. मधातच ते बाई हासते. कायले हासते?"

"तू पाहिला नाही पिच्चर?"

"मले कोठी टाईम." तिने गल्ल्याच्या दिशेने मान उडवली. "यायले टाकीजचा पास तीनदा भेटला. इचारलं तं म्हनते, अशीच हासते."

आत्याने तिला शेळी सांगितली. नुसती सांगितली नाही, पदराचं टोक दातांत धरून टोपी कशी चावली ते करून दाखवलं. ती बाई पिठाचे हात तोंडावर धरून हसू लागली, खूप हसली, आणि त्या हसण्यात तव्यावरची भाकर करपली.

मग ती उठली. दोन ताटं वाढली, वर तर्री (रश्शावरचा लाल तवंग) ओतली, आणि ताटं घेऊन पुढे निघाली. तिला पुढच्या खोलीत आलेलं त्या गिऱ्हाइकांनी कधी पाहिलं नसावं. सगळ्यांचे घास थांबले. खिडकीजवळच्या टेबलावर ताटं ठेवून ती म्हणाली, "बसा मावशी."

मालक म्हणाला, "अवं, हे काय चाललं?"

"या समद्यायचं मीच शिजवतो. आज दोन ताटं मीच वाढून राह्यली," ती म्हणाली आणि आत्याजवळ उभी राहिली. आत्या जेवली. दोनदा रस्सा मागितला, एकदा मीठ. शब्द दिल्याप्रमाणे उठली नाही. माझं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. तीनदा पास मिळालेल्या माणसाला घरी येऊन एका शेळीची गोष्ट सांगता येऊ नये, याचा मला संताप आला होता आणि अजून आहे.

परतताना मैत्रिणीला सांगून आलो की चित्रपट आहे तोवर त्या बाईला एकदा घेऊन जा. कळंबला आम्हाला सगळ्यांनी विचारलं, जेवण कसं होतं? आत्या सांगायची, मीठ कमी होतं पण बसून होतं. चार दिवसांनी मैत्रिणीचं पत्र आलं. ती हॉटेलात गेली होती. मालकाने भांडण केलं नाही, फक्त एवढंच विचारलं की दुपारी बायको गेली तर गिऱ्हाइकांच्या भाकरी कोण करणार? चित्रपट आणखी आठवडाभर होता.

मी पत्र मोठ्याने वाचलं आणि मालकाला माझ्या शुद्ध भाषेत उत्तर लिहायला बसले. आत्याने माझ्या हातावर हात ठेवला.

"एवढं कायले लिवतं? त्याले लिव, भाकरी मी टाकीन. उद्याच्या मोटारीनं येतो. अन् तिले म्हनावं, खांबाच्या मांगं बसू नको."